मेडिक्लेमचा हप्ता आणि इन्कम टॅक्स : वाचकांचे प्रश्न

यावेळी बरीच पत्रं एकाच विषयावर आली, मेडिक्लेम भरतो तर टॅक्समध्ये काय मिळतं. पत्रं पाठवणारे सगळे स्वतःच्या हाताने कमावणारे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे कारण तोच गोंधळ निम्म्या पत्रांमध्ये आहे. खालचे सगळे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. ८०डी म्हणजे मेडिक्लेमचा हप्ता कमाईतून वजा करू देणारं इन्कम टॅक्सचं कलम, आणि जुनी-नवी रेजिम म्हणजे टॅक्स मोजायच्या दोन पद्धती, त्यातली एक निवडायची असते.

प्रश्न : मी फ्रिज-एसी रिपेअरिंग करतो, दुकान नाही, बाईकवर फिरूनच काम. सगळा खर्च जाऊन वर्षाला ७ लाखाच्या आसपास सुटतात. बायको-मुलांचा मेडिक्लेम २५ हजार, आईबाबा दोघं साठीच्या पुढचे, त्यांचा वेगळा ५० च्या वर जातो. आमचं रिटर्न भरणारा म्हणतो जुन्या रेजिममध्येच रहा, ८०डी ची ७५ हजार सूट मिळते. पण टॅक्स तर भरतोयच. मग सूट मिळाली म्हणजे नक्की काय झालं?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दादा, ७५ हजाराचा हिशोब त्याने बरोबर सांगितला. स्वतः, बायको, मुलं मिळून २५ हजारापर्यंत आणि आईवडील ६० च्या पुढचे असले तर त्यांच्यासाठी वेगळे ५० हजारापर्यंत, ते तुमच्यावर अवलंबून असोत नसोत. पण पुढचं त्याने सांगितलंच नाही. ही सूट फक्त जुन्या रेजिममध्ये आहे, आणि जुन्या रेजिममध्ये तुमच्या ७ लाखातून ७५ हजार गेले की उरतात ६ लाख २५ हजार, त्यावर सेस (टॅक्सवर लागणारा ४ टक्के जादा कर) धरून टॅक्स होतो ३९ हजार. नव्या रेजिममध्ये एक रुपयाची सूट न दाखवता ७ लाखावर टॅक्स शून्य, कारण तिथे १२ लाखापर्यंतच्या कमाईवर रिबेट मिळून काहीच भरावं लागत नाही. म्हणजे सूट मिळवण्यासाठी तुम्ही ३९ हजार देताय. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण तेवढ्या पैशात आईबाबांच्या हप्त्याचा मोठा भाग निघाला असता.

कुणी म्हणेल कमाई जास्त असली तर जुनी परवडते. तेही करून बघूया. समजा १४ लाख सुटतात, घराच्या कर्जाचं व्याज २ लाख, एलआयसी-पीपीएफ वगैरे दीड लाख आणि मेडिक्लेमचे हेच ७५ हजार. सगळं वजा करून जुन्यात टॅक्स येतो १ लाख ११ हजार ८०० आणि नव्यात काहीही वजा न करता ९३ हजार ६००. एवढं सगळं असूनही नवीनच स्वस्त. आपल्याकडच्या बहुतेक कारागिरांना जुनी रेजिम परवडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, पण आपापला हिशोब दोन्हीकडून एकदा करून बघाच.

आता एक अडचण आहे ती नीट समजून घ्या. नोकरीवाला माणूस दरवर्षी रेजिम बदलू शकतो, आपल्यासारख्या धंदा असणाऱ्याला तसं करता येत नाही. जुन्यात जायचं तर रिटर्नच्या मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, तो तुमच्यासाठी भरलेला असणार. तिथून नव्यात परत यायलाही तोच फॉर्म, आणि ही संधी एकदाच, मग धंदा चालू आहे तोवर जुनी बंद. तुमच्या आकड्यांना त्याची भीती बाळगायचं काही कारण दिसत नाही, या वर्षी मुदतीच्या आत फॉर्म भरून घ्या.

प्रश्न : मी हर्णैला बोटीच्या इंजिनांचं काम करतो. आता १२ लाखापर्यंत टॅक्सच नाही तर मेडिक्लेम कशाला चालू ठेवायचा असं घरात बोलणं चाललंय. सहा वर्षं भरतोय, एकदाही क्लेम केला नाही. रिन्यूची तारीख ऑगस्टची.
– एक वाचक, हर्णै

उत्तर : नका बंद करू, अगदी कळकळीने सांगतो. जून-जुलैच्या बंदीत बोटी वर ओढल्या की तुमचं काम जोरात आणि नारळी पौर्णिमेनंतर बोटी गेल्या की हात रिकामा, तेव्हा ऑगस्टचा हप्ता जड जातो हे मला कळतं. पण सहा वर्षांत तुम्ही जे कमावलंय ते पावतीवर दिसत नाही. शुगर, बीपीसारख्या आधीपासूनच्या आजाराला पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, ते तुमचं कधीच संपलंय. सलग पाच वर्षं झाली की आधीची माहिती लपवली असं म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच, तोही टप्पा तुम्ही ओलांडलाय. पॉलिसी तुटली की हे सगळं शून्यावर, आणि दोन वर्षांनी परत घ्यायला गेलात तर वय वाढलेलं, हप्ता वाढलेला, थांबायचं पुन्हा पहिल्यापासून.

आणि टॅक्समधली सूट गेली तरी दुसरीकडून पैसे वाचलेत ते बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या मेडिक्लेमवर जीएसटी नाही, आधी १८ टक्के होता. २० हजाराच्या हप्त्यावर ३,६०० जायचे. हे टॅक्स न भरणाऱ्यालाही वाचतात, त्याला ८०डी ने कधी काही दिलंच नव्हतं. हप्ता एकदम झेपत नसेल तर दर महिन्याचा करून मिळतो का कंपनीला विचारा, फक्त मग उशीर चालवून घेण्याची मुदत ३० च्या जागी १५ दिवसांचीच असते, तेव्हा ऑटोपे लावून टाका.

प्रश्न : वायच समजावून सांगा. मी जुन्या रेजिममध्ये आहे, माझं गणित तिथेच बसतं. एजंट गणपतीत घरी येऊन हप्त्याची रोख रक्कम घेऊन गेला. आईची (वय ६६) पॉलिसी नाही, तिची औषधं, टेस्ट सगळं मीच करतो. काय काय धरता येईल?
– एक वाचक, मालवण

उत्तर : रोख दिलेला हप्ता ८०डी मध्ये धरता येत नाही, पावती असली तरी. पुढच्या वेळी एजंट घरचा असला तरी त्याच्यासमोर बसून स्वतःच्या खात्यातून यूपीआयने कंपनीला भरा. रोख चालतं ते फक्त तब्येतीच्या तपासणीला, ५ हजारापर्यंत, आणि ते वर सांगितलेल्या मर्यादेच्या आतच, वेगळं नाही.

आईचं मात्र धरता येईल. ६० च्या पुढच्या माणसाचा मेडिक्लेम नसेल तर त्याच्या औषधपाण्याचा खर्च ५० हजारापर्यंत वजा होतो. अट तीच, रोख नको. तेव्हा मेडिकलवाल्याला सुद्धा फोनवरून पैसे द्या आणि बिलं एका पिशवीत जपून ठेवा, आमच्याकडे ऐनवेळी निम्मी बिलं पावसात भिजलेली येतात. आई ७० ची झाली की सरकारच्या आयुष्मान योजनेचं ५ लाखापर्यंतच्या मोफत उपचाराचं कार्ड कमाई न बघता मिळतं, ते विसरू नका.

अजून एक, "२५ हजार टाकून देतो, कोण बघतोय" असं सांगणारे पण आहेत. रिटर्नमध्ये आता विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर भरावा लागतो. नसलेली पॉलिसी दाखवू नका.

प्रश्न : नवऱ्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, शेड-पत्र्याची कामं, दोन पोरं हाताखाली. त्या पोरांचा मेडिक्लेम आम्ही काढला तर? आणि माझ्या आईवडिलांचा हप्ता हे भरतात, तो यांच्या ८०डी मध्ये चालेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, आधी दुसरं. जावयाने भरलेला सासूसासऱ्यांचा हप्ता त्याच्या ८०डी मध्ये येत नाही. तुमची स्वतःची टॅक्स लागणारी कमाई असेल आणि तुमच्या खात्यातून भरलात, तुम्हीही जुन्या रेजिममध्ये असाल, तर तुम्हाला मिळेल.

पोरांचा हप्ता ही वेगळी गोष्ट आहे आणि चांगली गोष्ट आहे. तो धंद्याचा खर्च, म्हणून नव्या रेजिममध्येही वजा होतो, रोख भरला नाही तर. मात्र छोट्या धंद्यांसाठीच्या ४४एडी या कलमाखाली उलाढालीच्या ठोक ६ किंवा ८ टक्के नफा दाखवून रिटर्न भरत असाल तर सगळा खर्च त्यात आलाच असं धरतात, वेगळा दाखवता येत नाही. तरी काढाच. पत्र्यावर चढणाऱ्या माणसाला तापापेक्षा पडण्याचा धोका जास्त, म्हणून सोबत अपघात विमा पण घ्या. त्याला ८०डी नाही, पण बँकेतल्या पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला २ लाख आहेत, खातं आणि वय १८ ते ७० एवढंच लागतं. दोघांना या आठवड्यातच बँकेत पाठवा, आणि नवऱ्यालाही.