पाजायला बसलं की मधला चिमटे काढतो

पत्र : आखाजी झाली आणि मी माहेराहून रावेर तालुक्यात सासरी आले. बाळ नऊ आठवड्यांचं आहे. मोठी मुलगी पाच वर्षांची, मधला मुलगा अडीच वर्षांचा. बाळाला पाजायला घेतलं की मधला चिमटे काढतो, एकदा तर चावला. शू सांगायला शिकला होता, आता पुन्हा अंथरुणात करतो. हे दिवसभर केळीच्या मळ्यात असतात. सासूबाई म्हणतात, एवढ्या उन्हात बाळाला पाणी पाज, गुटी दे. रात्री मला रडू येतं. माझं कुठे चुकतंय?

उत्तर : ताई, तुमचं काही चुकत नाहीये आणि तुमचा मधलाही वाईट वळणाचा नाही. जरा हिशोब करा. एवढं लहान बाळ दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं, एका वेळी वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे चोवीस तासांतले निदान तीन-चार तास तुमची मांडी अडकलेली असते, आणि ती मांडी परवा-परवापर्यंत त्याची होती. त्याचा चिमटा बाळासाठी नसतो, तुम्ही त्याच्याकडे बघावं म्हणून असतो. तेव्हा त्याला धाक घालण्यापेक्षा पाजायची वेळ नीट लावून घ्या.

खाटेवर बसून पाजत असाल तर खाली बसा. गोधडी अंथरा, पाठ भिंतीला टेकवा. खाटेवर त्याला जागाच उरत नाही. खाली तो तुमच्या दुसऱ्या बाजूला टेकून बसेल. बसण्याआधी त्याला शू करून आणा, तुमच्यासाठी तांब्याभर पाणी जवळ ठेवा आणि त्याचा एक खास डबा काढा. त्यात वाट्या-चमचे, जाड खडू, एखादं चित्रांचं पुस्तक, सोबत अर्धं केळं. शेंगदाणे-फुटाणे नकोत, या वयात ते श्वासनलिकेत अडकतात. डबा फक्त पाजतानाच निघाला पाहिजे. पाजणं झालं की लगेच वर फळीवर. दिवसभर हाताशी राहिला तर दोन दिवसांत त्यातलं अप्रूप संपतं.

तरीही चिमटा काढलाच, तर त्याचं मनगट धरा आणि शांत पण ठाम आवाजात एवढंच म्हणा : ‘बाळाला दुखतं. चिमटा काढू देणार नाही.’ मारू नका, मोठं भाषणही नको. मग तोच हात बाळाच्या पावलावर ठेवून हळूच फिरवायला शिकवा. चेहऱ्याला आणि टाळूला हात नाही. महिनाभर तरी दोघांना क्षणभरही एकटं सोडू नका. झोळी बांधली असेल तर ती तो जोरात हलवणारच, म्हणून जवळ मोठं माणूस नसेल तेव्हा बाळ झोळीत ठेवायचं नाही. सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर निजवायचं. शेजारी उशी नको.

अंथरुणातली शू बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप थांबते. झोपण्याआधी शू करवा, खाली रबरी कापड घाला, चारचौघांत लाजवू नका. शू करताना जळजळ होत असेल किंवा ताप असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. आणि घरात येणारं-जाणारं कुणी ‘आता आई बाळाची झाली, तुला कोण विचारतंय?’ असं गमतीत म्हणत असेल, तर ते आजच बंद करा. मोठ्यांना ती थट्टा वाटते, अडीच वर्षांच्या पोराला ती खरी वाटते.

मोठीचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणजे ती शहाण्यासारखी वागत असणार. अशाच मुलांकडे दुर्लक्ष होतं. सध्या सुट्टी आहे, रोज दहा मिनिटं तिची वेणी घालताना फक्त तिच्याशी बोला. बाळ उचलून चालायची परवानगी तिला नाही, अजून मान धरलेली नाही. बसून मांडीवर घेऊ द्या.

आता पाणी. 45 अंशांचं ऊन असलं तरी सहा महिने पाणी नाही, गुटी नाही, आणि मधाचं बोट तर वर्षभर नाही. आईच्या दुधात सुमारे 88 टक्के पाणीच असतं. वरचं पाणी दिलं की इवलंसं पोट भरतं, बाळ दूध कमी ओढतं, आणि पाणी-सहाण-वाटीतून जुलाब लागतात. पाणी तुम्ही प्या. सासूबाईंना लंगोट मोजायला सांगा : चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले झाले आणि शू फिकट असली, तर बाळाला पाणी पुरतंय. मालिश आणि अंघोळ मनापासून त्यांच्याकडे सोपवा. नुसतं ‘नाही’ ऐकून घेणं कुणालाही जड जातं. गुटीचं आशाताईंच्या तोंडून कळू द्या. काजळ आणि धुरीही नको.

दुपारी बाळाला पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, धाब्याची खोली असेल तर तिथे. कूलर चालेल, पण वारा थेट अंगावर नको, समोरची खिडकी उघडी हवी आणि पाणी आठवड्याला पूर्ण बदला. अंग तापलेलं वाटलं तर कपडे सैल करून पंधरा-वीस मिनिटांनी थर्मामीटर लावा. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त असेल, बाळ ओढत नसेल, मलूल पडलं असेल किंवा सहा तास शू झाली नसेल, तर घरी उपाय न करता 102 ला (सरकारी रुग्णवाहिका) फोन करून दवाखाना गाठा. दहाव्या आठवड्याचं लसीकरण जवळ आलंय, तेही विसरू नका.

तुमच्या यजमानांकडून एकच काम मागा : मळ्यातून आल्यावर मधल्याला जेवू घालून रोज त्यांनीच झोपवायचं. सुरुवातीचे काही दिवस तो रडेल, तुमच्याकडे पळत येईल. तरी काम त्यांच्याकडेच राहू द्या. तेवढ्या वेळात तुम्ही भांडी घासायची नाहीत, बाळ निजलं की निजायचं. या दिवसांत बिबड्या-कुरडयांचा घाट शेजारणींनी घातला, तरी यंदा तुम्ही त्यात नाही.

आणि ते रडू. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत असं होतं आणि जातं. तुम्हाला नऊ आठवडे झालेत, म्हणून ते अंगावर काढू नका. बाळ निजूनही झोप लागत नाही, कशातच मन रमत नाही, असं होत असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटलं, तर त्याच क्षणी घरातल्या माणसाला उठवा, बाळ त्याच्या हाती द्या आणि दवाखान्यात जा.