पुण्यात जगभरच्या आदिवासी कलांचं संग्रहालय आहे का?

सातवीतल्या मुलीला जगभरातल्या आदिवासींची कला एका छपराखाली दाखवायचीय, असं तुम्ही म्हणता. तसं पुण्यात नाही. त्यासाठी पॅरिसला जावं लागेल, सेन नदीकाठचं के ब्रांली, २००६ साली उघडलेलं.

पण क्वीन्स गार्डनमधलं आदिवासी संग्रहालय बघितलंत का? रिक्षावाल्याला 'जुन्या सर्किट हाउसजवळ' सांगा. स्टेशनपासून लांब नाही. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं आहे ते, संस्था १९६२ची. मी जन्माचा पुणेकर, आत पाऊल टाकलं चाळिशी उलटल्यावर. (शनिवारवाड्याला पाहुण्यांबरोबर किती फेऱ्या झाल्या, ते विचारू नका.)

दागिने, हत्यारं भराभर बघितलीत तरी चालेल. मुखवट्यांपाशी मात्र थांबा. मोखाडा-जव्हारकडच्या बोहाडा उत्सवात असले मुखवटे घालून देवांची, राक्षसांची सोंगं रात्रभर नाचवतात, संबळाच्या ठेक्यावर. काचेमागे ते बिचारे गप्प वाटतात. मुलीला आधी एखादा व्हिडिओ दाखवून न्या.

वारली चित्रं तिने कुशनकव्हरवर नि कॉफीच्या मगावर बघितली असतीलच. तिला तारपावाला शोधायला लावा. तारपा म्हणजे वाळक्या भोपळ्याचं, बांबूच्या नळ्यांचं फुंकवाद्य. नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती वेटोळं घालते, पण तारप्याला पाठ कुणी करायची नाही. चित्रातही ते दिसतं.

आणि चौक, म्हणजे वारल्यांचं लग्नातलं भिंतीवरचं चौकोनी चित्र. लग्नघरात सवाष्णी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने तो लिहितात, मध्ये पालघट देवी. धवलेरी गाणी म्हणते आणि लग्न लावते. म्हणजे लग्न लावणारी बाई! माझ्या भाचीला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. हा चौक टिकवायसाठी नसतोच, पुढच्या लग्नाला नवा. कागदावर वारली चित्रं नावारूपाला आली ती १९७०च्या दशकात, जिव्या सोमा मशेंमुळे. आता ती जपानातही आहेत, निइगाता भागातल्या मिथिला म्युझियममध्ये. ते म्युझियम भरतं एका बंद पडलेल्या शाळेत.

दिवाळीच्या सुट्टीत जमलं तर भोपाळला मानव संग्रहालयात जा. श्यामला टेकडीवर आदिवासींची घरंच्या घरं उभी केलीत, ओटीवर टेकता येतं.

क्वीन्स गार्डनला जाताना सरकारी सुट्टी तेवढी बघा.