ताईला नाही कसे म्हणू?

“प्रत्यारोपण यशस्वी झाले, सगळे पुनर्जन्म झाला म्हणतात; मग मला आनंद का वाटत नाही?” हा प्रश्न किडनी प्रत्यारोपण झालेले रुग्ण समुपदेशनात बहुधा आवाज खाली करून विचारतात, जणू अपराधच कबूल करत आहेत.

लालबागच्या एका गृहस्थांनीही तसाच विचारला. काही वर्षे आठवड्यातून तीनदा डायलिसिस सोसल्यावर थोरल्या बहिणीची किडनी मिळून त्यांना सहा महिने झाले होते. त्यांनी खिशातून वही काढली. तिच्यात क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते हे सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, प्रत्येक आकडा होता आणि 1.3 चे 1.4 झाले तेथे लाल वर्तुळ होते. चहाचा कप उचलताना हात थरथरून चहा बशीत सांडला, तेव्हा ते ओशाळले.

शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधांपैकी टॅक्रोलिमसने हात थरथरू शकतात आणि प्रेडनिसोलोनने झोप व मनःस्थिती बिघडू शकते, हे त्यांना कोणी नीट सांगितलेच नव्हते. ते याला मनाचा दुबळेपणा समजत होते. डॉक्टरांना हे जरूर सांगा, पण गोळी स्वतःहून कमी करू नका, असे मी बजावले.

खरी गाठ निराळीच होती. बहीण रोज रात्री नऊला, गोळीच्या वेळी, फोन करी. ते चिडत आणि मग चिडल्याबद्दल स्वतःलाच बोल लावत. तिला गावचे घर विकायचे होते, यांना नको होते, तरी त्यांनी होकार दिला होता. “जिने किडनी दिली, तिला नाही कोणत्या तोंडाने म्हणू?”

1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार दात्याची संमती स्वखुशीची आहे ना, हे तपासले जाते आणि ते योग्यच आहे. पण घेणारा हे ऋण घेऊन घरात कसा वावरेल, हे सहसा कोणी विचारत नाही.

तिसऱ्या भेटीत मी ताईंनाही बोलावले. फोन का करता, असे विचारताच त्या म्हणाल्या, “माझी किडनी त्याला टिकली नाही तर, या भीतीने झोप येत नाही.” भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ताई, घर विकायचे नाही मला.” त्या संतापल्या. दोघे पंधरा मिनिटे कडाडून भांडले आणि मी मुद्दामच मध्ये पडले नाही.

घराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. रात्री नऊचा फोन मात्र आता भाऊच करतो, गोळी घेतल्यावर.