प्री-सेटल्ड दर्जा आणि गोव्यातला आठ महिन्यांचा मुक्काम

आपले बंधू पोर्तुगीज पासपोर्टवर ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटनमधल्या स्विंडनला आले, आईच्या आजारपणात आठ महिने मडगावला राहिले आणि आता प्री-सेटल्ड दर्जा (ब्रेक्झिटनंतरही युरोपीय नागरिकांना ब्रिटनमध्ये राहू देणाऱ्या ईयू सेटलमेंट योजनेतला तात्पुरता निवासहक्क) हातचा गेला या धास्तीत आहेत, असे आपण लिहिले आहे. दर्जा गेलेला नाही. प्रश्न आहे तो कायमच्या, म्हणजे सेटल्ड दर्जाचा.

पूर्वीचा नियम कडक होता. कोणत्याही बारा महिन्यांत सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास, मोजके अपवाद सोडता, सेटल्ड दर्जासाठी लागणारा पाच वर्षांचा सलग वास्तव्यकाळ खंडित होई आणि आजारी आईजवळ थांबलेला माणूस गोत्यात येई. जुलै २०२५ पासून प्री-सेटल्ड असलेल्यांसाठी मागील ६० महिन्यांपैकी एकूण ३० महिने ब्रिटनमध्ये काढलेले असले तरी पुरते. त्यामुळे केवळ या आठ महिन्यांपायी बंधूंचा अर्ज अडू नये.

त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने, सेटल्ड दर्जासाठी दुसऱ्यांदा अर्ज केला नाही एवढ्याच कारणाने निवासाचा हक्क काढून घेणे बेकायदा ठरवले होते. म्हणूनच आता प्री-सेटल्ड दर्जाची मुदत आपोआप वाढते. मात्र त्या मुदतवाढीवर विसंबून स्वस्थ बसणे मला धोक्याचे वाटते, कारण नुसत्या प्री-सेटल्ड दर्जावर युनिव्हर्सल क्रेडिट हे सरकारी अर्थसाहाय्य मिळत नाही. नोकरी किंवा निवासहक्काचा तत्सम आधार दाखवावा लागतो. गोदामातली एजन्सीची पाळी बंद पडली की घरभाड्याची चिंता आणि हक्क सिद्ध करण्याची खटपट एकाच वेळी अंगावर येते. प्रतिष्ठेने जगणेच अशक्य होत असेल तर मदत नाकारता येत नाही, असा अपील न्यायालयाचा २०२३ चा निकाल आहे. पण तो आधार मिळवायलाही झगडावे लागते.

सेटल्ड दर्जाच्या अर्जाला शुल्क नाही, तेव्हा त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नये. नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विमा) क्रमांकावरून कराच्या नोंदी होम ऑफिस, म्हणजे ब्रिटनचे गृहखाते, स्वतः तपासते. मध्ये रिकामे महिने दिसल्यास पगारपत्रके, बँकेची विवरणपत्रे, कौन्सिल टॅक्सची (स्थानिक घरकराची) बिले जोडावीत. पासपोर्ट नवा केला असेल तर त्याचा क्रमांक ऑनलाइन खात्यात आधी बदलून घ्यावा. हा दर्जा कागदावर नसतोच. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या काउंटरवर विमान कंपनीच्या संगणकाला जुन्या क्रमांकाची नोंद जुळली नाही, तर हक्क शाबूत असूनही प्रवासी तिथेच अडकू शकतो. छापील कार्ड द्या, ही युरोपीय नागरिकांच्या संघटनांची मागणी मला रास्त वाटते.

वहिनींबाबत लग्नाची तारीख निर्णायक आहे. ३१ डिसेंबर २०२० पूर्वी विवाह झालेला असल्यास त्या याच योजनेतून विनाशुल्क येऊ शकतात. नंतरचा असल्यास साधारणपणे जोडीदाराचा व्हिसा, वर्षाला २९,००० पौंड उत्पन्नाची अट आणि प्रतिवर्षी १,०३५ पौंडांचा आरोग्य अधिभार लागू होतो. ती तारीख कळवावी, म्हणजे पुढची कागदपत्रे सांगता येतील.