स्तनात न दुखणारी गाठ लागतेय, पाळीनंतरही तशीच आहे. थांबून पाहू का?

थांबू नका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही, आणि ‘दुखत नाही म्हणजे साधी’ या समजुतीतच मोलाचे महिने जातात. बऱ्याच गाठी साध्याच निघतात, पण ते तपासून ठरतं.

आधी डॉक्टरांकडून हाताने तपासणी, मग चाळिशीच्या आत सहसा सोनोग्राफी, चाळिशीनंतर मॅमोग्राफीही (स्तनाचा एक्स-रे). शंका आली तर जाड सुईची बायोप्सी (कोअर बायोप्सी), म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं. सुईने रोग पसरत नाही. तपासणीआधीच गाठ काढून टाकू नका. कर्करोग निघाला तर पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. कर्करोग असल्यास त्याच तुकड्यावर ईआर, पीआर (गाठ हार्मोनला प्रतिसाद देते का) आणि हर-टू (गाठीतलं एक प्रथिन) या तपासण्या करून घ्या, औषधं त्यावरूनच ठरतात. बोंडातून रक्त, आत ओढलेलं बोंड, काखेत गाठ असेल तर याच आठवड्यात जा.