एलडीडीत दिसेल ते सगळं पॅकेजमध्ये भरू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि काही वर्षांपूर्वीचा मीच आठवलो. उबंटू लिनक्स २२.०४ वर बिल्ड केलेलं अ‍ॅप ग्राहकाच्या २०.०४ वर 'जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३४ सापडत नाही' म्हणून सुरूच होत नाही. आता एलडीडीत (अ‍ॅपला लागणाऱ्या लायब्ररींची यादी देणारी कमांड) दिसतील त्या सगळ्या लायब्ररी फोल्डरमध्ये भरून एलडी लायब्ररी पाथ (लायब्ररी आधी कुठे शोधायच्या ते सांगणारं सेटिंग) लावायचा तुमचा बेत आहे. तो बेत सोडा.

नवीन फंक्शन एकही न वापरता २.३४ का मागतंय? ऑगस्ट २०२१ च्या त्या आवृत्तीत पीथ्रेड, म्हणजे थ्रेडची वेगळी लायब्ररी, मूळ लिबसीत विलीन झाली, आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या सिम्बॉललाच (फंक्शनच्या नावालाच) २.३४ चा नवा शिक्का बसला. उबंटू २०.०४ मध्ये जीलिबसी २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५. म्हणून २०.०४ च्या कंटेनरमध्ये (तुमच्याच मशीनवर वेगळ्या ठेवलेल्या जुन्या उबंटूत) बिल्ड करा, एवढंच.

माझी चूक याच्या पुढची. मी शहाण्यासारखं १८.०४ वर बिल्ड केलं, आणि मग तिथली सी++ ची रनटाइम लायब्ररीसुद्धा पॅकेजमध्ये टाकली. म्हटलं, असू दे, जागा ती किती खाते! माझ्या मशीनवर झकास. ग्राहकाकडे २२.०४ आणि इंटेलचं ग्राफिक्स, तिथे खिडकी काळीठिक्कर.

त्यांच्या संगणक विभागाचं म्हणणं एका ओळीचं: 'सॉफ्टवेअर चालत नाही.' टर्मिनलमधून चालवून बघा म्हटलं, तर 'धोरणात बसत नाही'. मेन्यूतून उघडलं की एरर कुठे जाते ते देवाला ठाऊक. तीनदा तिकीट बंद केलं, मग बिल अडवलं. शेवटी तिथल्याच एका लेखनिक बाईंनी जेवणाच्या सुट्टीत टर्मिनल उघडून मोबाइलने फोटो पाठवला. तिरका, स्क्रीनवर ट्यूबलाइट चमकतेय, पण वाचता आलं: इंटेल ग्राफिक्सचा 'आयरिस' ड्रायव्हर उघडत नाही, त्याला लागणाऱ्या एलएलव्हीएम लायब्ररीला जीएलआयबीसीएक्सएक्स (सी++ लायब्ररीच्या आवृत्तीचा शिक्का) ३.४.३० हवंय.

मेसाचा (लिनक्सवरच्या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच) हा ड्रायव्हर आपल्याच प्रोसेसमध्ये लोड होतो आणि त्याला त्या मशीनवरची नवी सी++ लायब्ररी लागते. आम्ही तर आधीच ३.४.२५ वाली लोड करून बसलेलो. माझ्याकडे एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर, त्याचं सी++ लायब्ररीवाचून काही अडत नाही, म्हणून मला कधी दिसलंच नाही. दुरुस्ती म्हणजे एक फाइल डिलीट करणं. जुन्यावर बिल्ड केलेलं नव्या सी++ लायब्ररीवर चालतंच, ती सोबत न्यायची गरजच नव्हती.

तेव्हा जीलिबसी, लिबजीएल (ग्राफिक्सची) आणि ही सी++ वाली, तिघी पॅकेजमध्ये घेऊ नका. क्यूटी (खिडक्या-बटणांची लायब्ररी) वगैरे खुशाल घ्या. अ‍ॅपइमेजवाल्यांची (एका फाइलीत अ‍ॅप देण्याची पद्धत) वगळायच्या लायब्ररींची यादी आहे, तीच वापरा. हे सगळं माझ्या दोन-तीन अ‍ॅपांवरून सांगतोय. स्नॅप या दुसऱ्या पॅकेज पद्धतीतलं मला विचारू नका, आणि ग्राहकाकडे नेट धड असेल तर फ्लॅटपॅक (लायब्ररींसकट अ‍ॅप पुरवणारी आणखी एक पद्धत) करून मोकळे व्हा.

एलडी लायब्ररी पाथऐवजी पॅचएल्फ या टूलने 'ओरिजिन'वाला आरपाथ लावा, म्हणजे अ‍ॅपच्या फाइलीतच 'लायब्ररी माझ्या फोल्डरपासून शोध' असं लिहिलं जातं. नाहीतर 'मदत' बटणावरून ब्राउझर उघडला की तोही तुमच्याच लायब्ररी उचलतो. क्यूटीचे प्लगइन एलडीडीत दिसत नाहीत, ते वेगळे न्यावे लागतात. क्यूटी ६.५ पासून एक्ससीबी-कर्सर ही लायब्ररीही लागते. आणि लाँचर स्क्रिप्टमधून एरर लॉग फाइलीत लिहायची सोय आजच करा, म्हणजे कुणाला जेवणाच्या सुट्टीत फोटो काढायला नको.

तरीही अडलं तर ऑब्जडंप कमांडमधल्या 'नीडेड'च्या (लागणाऱ्या लायब्ररींच्या) ओळी इथे टाका, रात्री बघतो.