पुस्तकात मन लागत नाही, पण टाके चुकत नाहीत

"पुस्तक उघडते, दोन ओळी वाचते, तिसरीला पहिली विसरलेली असते. मॅडम, माझं डोकं जायला लागलंय का?"

घरातलं माणूस गेल्यानंतरच्या वर्षात माझ्याकडे बोलायला येणाऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी बहुतेक वेळा आयुष्यभर वाचत आलेली बाई असते. परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असं सगळं बदलून इथे एकीबद्दल लिहिते. त्यांना नुसतं काकू म्हणू.

काकू नौपाड्यातल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या जुन्या सभासद. १८९३ साली स्थापन झालेली ही संस्था त्यांच्या बोलण्यात माहेरासारखी येते. काका कॅन्सरने गेले आणि त्यानंतर काकूंनी पुस्तक बदलायला जाणंच सोडलं. त्यांच्या आईला म्हातारपणी विस्मरण झालं होतं, त्यामुळे भीती आणखी पक्की झालेली.

हे सगळं सांगताना त्यांचे हात मात्र चालू होते. नातीचा स्वेटर. (ठाण्यात स्वेटर घालण्याइतकी थंडी किती दिवस पडते, हा प्रश्न विणणाऱ्या बाईला विचारू नये.) बोलता बोलता त्या थांबल्या. दोन ओळी खाली एक टाका सुलटच्या जागी उलट पडला होता. काकूंनी ओळी उसवल्या नाहीत. तेवढाच टाका सुईवरून सोडला, चुकीच्या जागेपर्यंत खाली जाऊ दिला आणि क्रोशाच्या सुईने एकेक फास ओढून घेत पुन्हा वर आणला. मग अर्धवट सोडलेलं वाक्य पुढे सुरू केलं.

मी म्हटलं, "काकू, नक्षी कुठे लिहून ठेवलीय?"

"लिहायची कशाला? आठ ओळींची तर आहे."

एवढ्यावरून निदान करता येत नाही, आणि मी केलंही नाही. डोळे तपासून घ्या, फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड आणि बी-१२ बघून घ्या, असं आधी सांगितलं. बी-१२ कमी निघालं, त्याचे उपचार डॉक्टरांनी सुरू केले. झोप, भूक, जगण्याची इच्छा याबद्दलही स्पष्ट विचारलं. मन सतत खिन्न आहे, कशातच रस वाटत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. आणि मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबायचं नाही. काकूंचं तसं नव्हतं. दुःखात लक्ष टिकत नाही, एवढंच बरेचदा असतं. कादंबरी वाचायची तर चार माणसांची नावं, त्यांची नाती, मागचं प्रकरण हे सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं, आणि तिथे आधीच कोणीतरी ठाण मांडून बसलेलं असतं.

त्यांना मी अ‍ॅन हूड या अमेरिकन लेखिकेबद्दल सांगितलं. २००२ मध्ये तिची पाच वर्षांची मुलगी अचानक गेली. त्यानंतर या लेखिकेला ना लिहिता येईना, ना वाचता येईना. त्या काळात ती विणायला शिकली. पुढे २००७ मध्ये तिची 'द निटिंग सर्कल' ही कादंबरी आली. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे परत येतं तर."

काकूंच्या मुलीनेही आईसाठी धडपड केली होती. आईला विणकाम आवडतं म्हणून तिने केट जेकब्सची 'द फ्रायडे नाइट निटिंग क्लब' भेट दिली. न्यूयॉर्कमधलं लोकरीचं दुकान, दर शुक्रवारी जमणाऱ्या बायका, सगळं कसं ऊबदार. काकूंना शेवट आधी वाचायची खोड. शेवटाकडची पानं चाळली, तर दुकानाची मालकीणच कॅन्सरने जाते. पुस्तक कपाटात गेलं. "तिला कुठे माहीत होतं बिचारीला," हेही काकूच म्हणाल्या.

मुखपृष्ठावर लोकरीचे गुंडे आहेत म्हणून आत ऊब असेलच असं नाही. दुःखातल्या माणसाला पुस्तक द्यायचं तर कोण मरतं आणि कशाने मरतं, हे आधी बघावं. डेबी मॅकोम्बरची 'द शॉप ऑन ब्लॉसम स्ट्रीट' गोड आहे, सिअ‍ॅटलमधलं लोकरीचं दुकान आहे. पण ते काढणारी मुलगी दोनदा कॅन्सरमधून उठलेली आहे. कोणाला त्यातून धीर येईल. काकूंना तेव्हा तो शब्दच नको होता. उलट, ज्यात खून होतो त्या 'कोझी' रहस्यकथा अशा वेळी चालतात, हे ऐकून घरच्यांना धक्का बसतो. पण त्यात रक्तपात पानाबाहेर होतो, गाव छोटं असतं, शोध लावणारी साधी बाई असते आणि शेवटी हिशोब जुळतो. खऱ्या मरणात तो कधीच जुळत नाही.

सुरुवात मिस मार्पल या गुन्ह्यांचा छडा लावणाऱ्या म्हाताऱ्या बाईपासून केली. 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' हा अगाथा ख्रिस्तीचा १९३२ चा संग्रह. पहिल्याच कथेत स्कॉटलंड यार्डचा माजी कमिशनर, वकील, लेखक असे सगळे हुशार लोक कोडं सोडवायला बसलेत आणि म्हातारी आपली विणतेय. कोडं ती सोडवते. एका बैठकीत एक कथा, मधे नावं विसरली तरी बिघडत नाही. काकूंना मी सांगितलं, शेवट आधी वाचायचा असेल तर खुशाल वाचा. रहस्यकथेत हे पाप समजतात, ठाऊक आहे.

मग मॅगी सेफ्टनची 'निट वन, किल टू', २००५ ची. कॉलोरॅडोतलं छोटं गाव, आंटीच्या खुनाचा शोध घेणारी भाची, आणि भाची पेशाने अकाउंटंट! तिला विणता येत नाही, लोकरीच्या दुकानात बसून ती शिकते. इथे काकू वाचक न राहता परीक्षक झाल्या. या पुस्तकांच्या शेवटी विणायचा नमुनाही देतात. पुढच्या भेटीला त्या फणफणतच आल्या.

"अहो, अमेरिकन सुयांचे नंबर उलटेच असतात! आपल्याकडे आकडा वाढला की सुई बारीक, त्यांच्याकडे जाड. त्यांची आठ नंबर पाच मिलिमीटरची, आपली चारची. तशीच घेतली असती तर सगळं आवळून गेलं असतं."

हे शोधायला त्यांनी नमुन्याचं पान तीन वेळा वाचलं होतं. दोन ओळी धरून न ठेवता येणाऱ्या बाईने. हे मी बोलून दाखवलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ते वाचन थोडंच आहे, ते काम आहे." मी वाद घातला नाही. ज्या विषयात वाचकाला लेखकापेक्षा जास्त कळतं, तिथे तो आपोआप सावध होऊन वाचतो. शिंपीकाम, बागकाम, स्वयंपाक, काहीही चालेल.

आता त्या एक ओळ विणतात, एक पान वाचतात. एखाद्या दिवशी नुसत्याच विणतात. अ‍ॅन हूडची कादंबरी द्या म्हणून एकदा मागितली होती. तिच्यात मूल गमावलेली आई आहे, हे सांगून मी निर्णय त्यांच्यावर सोडला. त्या म्हणाल्या, "दिवाळीनंतर बघू."

इंग्रजी वाचायची सवय नसेल तर ख्रिस्तीचे मराठी अनुवाद मिळतात. वाचनालयात पुस्तक हातात आलं की शेवटची चार पानं तिथेच उभ्याने चाळा आणि पटलं तरच घरी न्या.